पितरांत संपणारा विमा

॥ श्री ॥
मखमलाबाद, नाशिक
नवरात्राची पाचवी माळ

ती. बारकूनाना यांस,

धाकटा साडू लहानू याचा बसल्या जागेवरून नमस्कार. (वाकूनच केला असता, पण उजवा पाय गुडघ्याखाली प्लास्टरमध्ये आहे आणि वाकलो की उठवायला दोन माणसं लागतात.) तुमची शुगर, चांगुणाबाईंचे गुडघे आणि चाळीतला उन्हाळ कांदा ही तिन्ही मंडळी बरी असतील असं धरून चालतो. इकडचं क्षेम विचाराल तर पायाचा भाग वगळून सगळं ठीक. झेंडूची तोडणी जोरात आहे, दसरा तोंडावर आलाय, आणि ऐन हंगामात मी पडवीत खाटेवर पडून शेजाऱ्यांचे क्रेट मोजतोय. पत्र पाहून तुम्ही चमकला असाल. फोन करता आला असता, पण नाना, तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. आपण दोन वाक्यं बोललो की तिसरं चांगुणाबाई बोलतात, आणि तिथे ऐकलेलं पाच मिनिटांत इकडे गोजराला कळतं. सख्ख्या बहिणी आहेत, त्यांचा काय दोष! म्हणून हे पाकीट. गोजरा आत्ता मळ्यात मजुरांच्या मागे आहे, तोवर लिहून घेतो.

तुम्हाला आठवत असेल, मागल्या वर्षी फूल उत्पादकांच्या सहलीबरोबर आपण चौघं थायलंडला गेलो, तेव्हा पंचवटीतल्या विमावाल्या मोहिनीताईंनी दोन्ही जोडप्यांना एकाच दिवशी वर्षभराचा प्रवास विमा दिला. वर्षात कितीही वेळा परदेशी जा, विमा एकच. मला ते फार आवडलं होतं, कारण आमची दीपमाला नेदरलँडला असल्यामुळे आमचं जाणं-येणं चालूच असतं. (तुम्हाला आवडलं नव्हतं. विमानात पहिला तासभर तुम्ही 'आता काही झालं नाही तर हे पैसे फुकट' असं म्हणत होतात, आणि शेजारचा प्रवासी घाबरून तुमच्याकडे बघत होता.) पुढे जूनमध्ये दीपमालाचा फोन आला की बातमी आहे, जानेवारीचे दिवस सांगितलेत. गोजराने त्याच आठवड्यात दिवाळीची दोन तिकिटं काढायला लावली. स्वस्तातली, म्हणजे रद्द केली तर एक पैसा परत न मिळणारी. बेत असा की दिवाळीत तिचं डोहाळजेवण तिकडेच करायचं आणि बाळंतपण उरकूनच गोजराने परतायचं. लेकीला तिकडे सासू नाही, जाऊ नाही, शेजारीण फक्त हसून हात हलवते. ही तिकिटं बुडाली असती तर यंदाच्या पावसाने झोडपलेल्या मळ्यातून दुसरी काढायची आमची ताकद नव्हती. हे तेवढं पुढचं वाचताना ध्यानात ठेवा.

तर विम्याचं वर्ष भरत होतं नेमकं पितृपंधरवड्यात. पितरांत आपण साधी चप्पल घेत नाही, आणि हा तर विमा, म्हणजे काहीतरी अभद्र होईल या हिशेबानेच घ्यायची वस्तू. ती त्या पंधरवड्यात घरात कशी आणायची? शिवाय प्रवास दिवाळीत. मधले चाळीस दिवस मी मखमलाबादेतून हलणार नाही, मग घरी बसायचा विमा कशाला भरा? दसऱ्याला मुहूर्तावर नवा काढू, असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं. तुम्ही 'बरं शे' म्हणालात. तुमचंही डिसेंबरचं दुबईचं तिकीट निघालेलं होतं, म्हणून दोघांनीही थांबायचं ठरलं. दोन शहाण्या माणसांनी सगळ्या बाजूंनी विचार करून घेतलेला निर्णय होता तो. आजही कुठे चुकलं ते मी शोधतोय, सापडत नाही, फक्त परिणाम तेवढा चुकला.

गोजराला मी हे सांगितलं तेव्हा ती देवघरासमोर दूर्वा निवडत होती. जुडी बांधून तिने देवापुढे ठेवली. मला वाटलं पटलं. दुसऱ्या दिवशी गौरींच्या फुलांचा टेम्पो घेऊन ती पंचवटीत गेली आणि येताना मोहिनीताईंकडे बसून आली. (हे मला नंतर दवाखान्यात भेटायला आलेल्या मोहिनीताईंनीच सांगितलं, आणि सांगताना त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या.) गोजराने त्यांना विचारलं म्हणे, "ताई, तिकीट आधीच काढलेलं हाय, जायचं दोन महिन्यांनी. मधी कुणी आजारी पडलं, पडलं-झडलं, जाणं रद्द झालं, तर कोणता विमा बघतो?" ताई म्हणाल्या, जो त्या दिवशी चालू असेल तो. "आन चालूच नसला तर?" तर कुणीच नाही, आणि मोडल्यावर काढलेला विमा मोडलेलं बघत नाही. त्यावर माझी बायको म्हणाली, "मंग हे विरजणासारखंच झालं की. दही संपायच्या आधी कवडी बाजूला काढावी लागती." आणि तिने गणपतीतच नव्या वर्षाचे पैसे भरले, त्याच कंपनीत, सुरुवात जुना संपेल त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. खरेदी गणपतीतली, त्यामुळे पितरांची हरकत नाही. चालू होणार आपोआप, त्यामुळे मुहूर्ताचा प्रश्न नाही. नाना, मी तीस वर्षं सोसायटीच्या मीटिंगांना जातो, असा तोडगा तिथे एकदाही निघालेला नाही.

आता बाबांच्या तिथीकडे येतो. गच्चीवर पान ठेवलं, खीर, वडे, भोपळ्याची भाजी, सगळं यथासांग. कावळे सात. सातही शेजारच्या टीव्हीच्या डिशवर बसून आमच्याकडे पाठ करून होते. भाऊबंद खाली जेवायला खोळंबलेले. मग नेहमीप्रमाणे सुरू झालं, बाबांची इच्छा राहिलीय. मी हात जोडून एकेक कबूल करत गेलो. विहिरीचा वाद मिटवतो म्हणालो, एकही कावळा हलला नाही. पानावर विडी ठेवली, नाही. धाकट्या भावाशी बोलायला लागतो म्हणालो (तो खालून मोठ्याने 'सगळ्यांनी ऐकलं बरं का' म्हणाला), तरी नाही. शेवटी मला वाटलं पान उंचावर हवं, म्हणून ते घेऊन पाण्याच्या टाकीवर चढलो. टाकीवर शेवाळ होतं. पान एकीकडे, मी एकीकडे. पाय खाली असा दुमडला की आवाज मलाही ऐकू आला.

आणि खरं सांगतो नाना, माझ्या तोंडून 'आई गं' निघालं नाही. 'तिकिटं गेली' असं निघालं. डोळ्यांपुढे दीपमाला एकटी दिसायला लागली. त्या क्षणी मला माझं ते घरी बसायचं गणित आठवलं आणि दुखण्यापेक्षा त्याची लाज जास्त वाटली. गोजरा वर आली, माझ्या पायाखाली उशी सरकवली आणि म्हणाली, "तिकिटं कुठं जात नाय. विमा तुटलेला नाय. पाय हालवू नका." तेवढ्यात सातही कावळे उतरले आणि सांडलेलं पान साफ करून गेले. भाऊबंदांचं म्हणणं आहे की बाबांचा जीव विम्यातच अडकला होता.

पुढचंही ऐका. कंपनीने कागद मागितले, ते गोजराने झेंडूच्या बियाण्याच्या पिशवीतून काढले. डॉक्टरांची चिठ्ठी, एक्सरे, तिकिटं, मागल्या वर्षाचा विमा, यंदाचा विमा, एकाखाली एक. मग त्यांनी विचारलं, पडलेल्यांना चक्कर आली होती का, ब्लडप्रेशर आहे का. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं, कारण मार्चपासून मी गोळी घेतो आणि ती विम्याच्या माणसांपासून लपवायची असं मी ठरवलेलं होतं. पण नवा भरतानाच तिने गोळीचं नाव लिहून दिलं होतं, डबीवरून बघून, बरोबर स्पेलिंगात. थोडे पैसे जास्त लागले होते, ते तिने अळूच्या विक्रीतले दिले. काल मेसेज आला, तिकिटांचे पैसे मंजूर. नाना, माझी बायको सातवीपर्यंत शिकली. चाळीस वर्षं मी तिला 'तुला यातलं कळत नाही' असं म्हणत आलो आणि ती ऐकून घेत आली. ती किती मोठी बाई आहे हे मला आत्ता कळलं, आणि तिला सांगायचं धाडस होत नाही म्हणून तुम्हाला सांगतो.

तेव्हा तुम्ही दसऱ्याची वाट बघू नका. तुमचा विमा संपून पंधरा-वीस दिवस झालेत आणि दुबईचं तिकीट खिशात आहे. हे पत्र हातात पडेल त्या दिवशी सटाण्याला जाऊन भरून टाका, आणि तोवर शिडी, टाकी, बैलाची मागली बाजू यांच्यापासून लांब राहा.

पैसे मिळाले की जानेवारीचं तिकीट काढायचं. एकच काढ, असं मी गोजराला सांगितलंय. प्लास्टर निघालं तरी मी लंगडत असणार, शिवाय गुलाबाचा हंगाम. लेकीच्या घरी सेवा करायला माणूस हवा, करून घ्यायला नको. तसं नातवंडाला पहिल्या दिवशी बघावं असं फार मनात होतं. ते असो.

चांगुणाबाईंना नमस्कार. थोर आहात, लोभ आहेच, तो कांद्याच्या भावावर अवलंबून ठेवू नये.

आपला,
लहानू

ता. क. : मुख्य गोष्ट राहिली. दसऱ्यापर्यंत थांबायचं डोकं कुणाचं असं गोजराने दवाखान्यात विचारलं, तेव्हा इंजेक्शनच्या भरात माझ्या तोंडून तुमचं नाव गेलं. तिचा फोन आला तर 'हो, माझंच' एवढं म्हणा. तुम्हाला तर 'बरं शे' म्हणायची सवय आहेच.

ता. क. दुसरा : पत्र वाचून फाडून टाका. पाकीट पोस्टात टाकायला गोजराकडेच देतोय, दुसरं कोण आहे? पण ती वाचणार नाही, तिला वेळ कुठे.

दाजींना गोजराचा नमस्कार. पाकीट नीट चिकटवलेलं नव्हतं. डोकं कुणाचं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तुम्ही खोटं बोलू नका. तुमचा विमा चांगुणाने माझ्याबरोबरच गणपतीत भरला आहे, तिने तुम्हाला सांगितलं नाही, तुम्हाला कळलं हे तुम्हीही तिला सांगू नका. जानेवारीची तिकिटं मी आज सकाळी काढली. दोन काढली. यांच्यासाठी विमानतळावर चाकाची खुर्ची सांगितली आहे. यांना अजून बोलले नाही, दसऱ्याला सोनं देताना सांगणार आहे.