कड्यावरचं घर

सफोक, फेब्रुवारी

प्रिय हेटी,

परवाच्या वादळात समुद्राने आपलं सफरचंदाचं झाड नेलं. आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट कडाच दिसतो. कौन्सिलचा माणूस बजावून गेलाय, ईस्टरपर्यंत घर पाडा, नाहीतर आम्ही पाडतो.

माझं ठरलेलं उत्तर तुला पाठ आहे. हे घर शेकडो वर्षं जागचं हललं नाही, मग मी का हलू? तुझी आई यावर हसायची. म्हणायची, अँब्रोज, घरापेक्षा तूच जास्त वाकडा आहेस. तिच्या आजारपणात उतरत्या जमिनीवर पलंग सरळ राहावा म्हणून मी खाली ठोकळे दिले होते. ते मी अजून काढलेले नाहीत. ती खोली समुद्रात जाणार, हे मला सहनच होत नव्हतं.

निदान ओकची लाकडं तरी वाचवू, म्हणून जोन कॅचपोलला बोलावलं. आपल्या भागातली जुनी लाकडी घरं तीच दुरुस्त करते. तिने माजघराचा कूड फोडला, तुळई उघडी पडली आणि बाई हसतच सुटल्या. कुठला खांब कुठे बसवायचा ते कळावं म्हणून सुतार सांध्यांवर पटाशीने खुणा करतात, हे तू लहानपणापासून बघत आलीस. आपल्या तुळयांवर त्या दोन तऱ्हांच्या निघाल्या, दोन वेगळ्या हातांच्या. शिवाय ज्यात काहीच बसत नाही अशा रिकाम्या खाचा. म्हणाली, "अहो थर्लो, तुमचं घर आधी भलतीकडेच उभं होतं! कुणीतरी उतरवून, गाड्यांवर लादून इथे आणलंय. आणि तुम्ही इथे ठाण मांडून बसलाय!" आधी मला रागच आला. मग इतकं हसू आलं की पायरीवर बसावं लागलं.

तेव्हापासून कामाचा सपाटा लावलाय. ती सांध्यांतल्या लाकडी खुंट्या ठोकून काढते, मी कौलं उतरवतो. कुडाची माती आणि धुराडं समुद्राने खुशाल न्यावं. नव्या खुणा जोनने मला कोरू दिल्या. जरा वाकड्या आल्यात, पण वाचता येतात.

आता मुद्द्याचं. तू नेहमी म्हणतेस, "बाबा, सोड ते घर आणि ये." तुझं अर्धं ऐकतोय. येतोय, पण घर घेऊन. तिकडे हेरफर्डला तुमच्या गोठ्यामागचा जमिनीचा रिकामा तुकडा मला दे. नाही म्हणायच्या आत सांगतो, पहिला ट्रक गुरुवारी निघतोय. घराचा लाकडी सांगाडा उभा करायला माणसं लागतील, जावईबापूंना बाह्या सरसावून ठेवायला सांग. खरं सांगू? तुझ्या घरी कोपऱ्यातल्या खोलीत पाहुणा होऊन राहायचं, याचीच मला समुद्रापेक्षा जास्त भीती वाटत होती. शेजारी म्हणून मात्र मी झकास आहे.

कौलांच्या धुळीने माखलेला,
तुझाच,
बाबा