तू महिन्यातून दोनदा बाहेर बसायचीस

माय, तुझ्याशी मी अशी पुस्तकी कधी बोलले नाही, पण लिहायला बसलं की हात शाळेतलंच लिहितो. त्याला कारणही तूच आहेस. तू गेल्याला इतकी वर्षं झाली की मी आता तुझ्या त्या वयापेक्षा मोठी आहे, आणि तरी काल वाशीमच्या बसमध्ये बसल्या बसल्या तुझा असा राग आला की शेजारच्या बाईने विचारलं, बरं नाही का म्हणून. सांगितलं का नाहीस मला? आयुष्यात एवढं बोललीस, मीठ किती, तेल किती, पदर कसा घे, आणि जे सांगायचं ते तेवढं गिळून बसलीस.

धनजचं घर आठवतं. मी सातवीत. सकाळी तू चुलीपुढे भाकरी करत होतीस आणि मी दारात उभी राहून, पोटात दुखतंय आणि परकराला डाग लागलाय, असं सांगितलं. तुझा हात थांबला नाही. भाकर तव्यावर टाकलीस, उलटलीस, फुगू दिलीस, आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "कोनाले सांगू नको. आजीले त बिलकुलच नाई." तुझ्या जुन्या लुगड्याचा फडका फाडून दिलास, कसा घ्यायचा ते दोन वाक्यांत सांगितलंस. आणि भाकरी टाकून झाल्या तशी तू स्वतःच उठून पडवीतल्या पोत्यावर जाऊन बसलीस. आजी देवपूजेचं ताट घेऊन आली आणि पाहतच राहिली. "आत्ता आठ दिसाआधी त उठली होती व तू." तू म्हणालीस, "काय माहीत, आलं पुन्हा." मी आत उभी राहून ऐकतेय. मला वाटतंय, ही खोटं का बोलतेय?

तीन वर्षांच्या वर तू तसं करत राहिलीस. एकदा तुझं म्हणून, एकदा माझं म्हणून. दोरीवर माझा फडका वाळायचा तो तुझा समजला जायचा. तू पोत्यावर बसलेली असायचीस आणि मी, जिला खरं बसायला हवं होतं, ती पाणी भरायची, भाजी फोडणीला टाकायची, आजीचे पाय चेपायची. संध्याकाळी देवापाशी दिवा लावायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा माझे हात कापले. तू पडवीतूनच हळू म्हणालीस, "देवाले मी सांगतलं हाये. तू लाव." आजी तुला काय काय बोलायची ते मी इथे लिहीत नाही. अशी कशी बाई, सदा बाहेर, घराला टेकूच नाही, हे त्यातलं सौम्य. तू खाली मान घालून तूर निवडत बसायचीस.

आणि मी तुझ्यावर रुसलेली असायची, हे तुला माहीत होतं का? काकाच्या मुलीला त्याच वर्षी पाळी आली तर नवं पातळ काय, ओटीत खोबरं-गूळ काय, गल्लीतल्या बाया जमून हसल्या-बोलल्या काय. मला काय? फाटका फडका आणि चुप बस. मला वाटायचं तुला माझी लाज वाटते. पुढच्याच उन्हाळ्यात त्या मुलीचं लग्न लागलं. मी त्या लग्नात नवा फ्रॉक घालून वऱ्हाडाला पाणी वाटलं आणि मनात म्हटलं, हिचं किती कौतुक होऊन राह्यलं. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला दोन गोष्टी जोडता येत नाहीत म्हणावं, तर त्यानंतर मी तीस वर्षं काय करत होते? माझी दहावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात तू आजीला सांगितलंस, की पोरगी आता मोठी झाली. "लईच उशिरा व," आजी म्हणाली. तोवर मास्तरांनी बाबांच्या डोक्यात बारावीचं भरवून ठेवलं होतं.

मग मी बारावीत असताना तुला खरंच अंगावरून जायला लागलं. महिन्यात पंधरा-पंधरा दिवस. घरात कुणी मनावर घेतलं नाही. आजीने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, तिचं पहिल्यापासून तसंच हाये. बाबांनी तेच डॉक्टरला सांगितलं. अकोल्याला नेलं तेव्हा तुझे ओठ पांढरे पडले होते. एवढं लिहून मी उठून पाणी पिऊन आले.

आता माझं ऐक. नऊ वर्षं झाली, मी एका संस्थेत काम करते. वाशीममध्ये दोन खोल्यांचं ऑफिस आहे, एका खोलीत कापड आणि साबणाची खोकी, दुसऱ्या खोलीत आम्ही. संस्था चालवतात त्या ताई पूर्वी नर्स होत्या. त्यांचं बोलणं अजून वॉर्डातल्यासारखं, खणखणीत. कापडी पॅड शिवणारी आपा आहे, तिला आमच्या घोषणांचं काही नाही. "तुमी भाषण करा, मी टाके घालते, धुतल्यावर तुमचं भाषण टिकते का माहे टाके ते पाहू," असं म्हणते. आणि मी शाळा करते. मानोऱ्यापासून रिसोडपर्यंत एसटीने फिरते, मुलींना पाळीबद्दल सांगते, कापड कसं धुवायचं, उन्हातच का वाळवायचं, पॅडची आणि साबणाची पुडकी वाटते. ज्या मुलींच्या घरी साबणसुद्धा एकच, तोही भांड्यांचा, त्यांना ते पुडकं म्हणजे काय असतं ते मी पाहिलंय. चांगलं काम आहे, माय. मी त्यात खोट काढत नाही. आमचं एकच सांगणं असतं, लाज सोडा, लपवू नका.

गेल्या हिवाळ्यात अनसिंगच्या पलीकडच्या एका गावात गेले होते. नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल. सत्र संपल्यावर आठवीतली एक पोरगी मागे राहिली. बारीक, वेणी घट्ट घातलेली. म्हणाली, "मॅडम, मले चालू होऊन लई महिने झाले. पन घरी कोनाले माहीत नाई, फक्त मायले. सांगू नका." मी काय म्हटलं असेल? मी हसून म्हटलं, "अगं, यात लपवण्यासारखं काय आहे?" आणि रजिस्टरमध्ये तिचं नाव लिहून घेतलं. ज्यांना पाळी सुरू झाली त्यांनाच पुडकं, असा आमचा नियम आहे. माल पुरत नाही. आठवड्याने वाटपाला गेले. मुलींची लाज जावी म्हणून मीच पद्धत पाडली आहे, की नाव माईकवर घ्यायचं, मुलीने पुढे यायचं, टाळ्या वाजवायच्या. तिचं नाव घेतलं. ती उठेना. मी पुन्हा घेतलं, मोठ्याने, "ये ना, घाबरतेस काय!" तेव्हा ती उठून पुडकं घेऊन गेली. शाळेच्या खिचडीच्या शेडमध्ये एक बाई मोठ्या पातेल्यात ढवळत होती, तिचा हात थांबलेला मी पाहिला. मला वाटलं, कौतुकाने थांबला. ती त्या पोरीची मोठी आई होती, मोठ्या काकाची बायको, आणि ते घर तीच चालवते.

चार दिवसांनी पोरीची आई ऑफिसात आली. चप्पल बाहेर काढून उंबऱ्यातच बसली, खुर्चीवर बसेना. म्हणाली, "ताई, तुमी माह्या पोरीचं नाव माईकवर काहून घेतलं?" तिचा नवरा ट्रकवर असतो, महिन्या-दोन महिन्यांनी येतो. मोठ्या जावेच्या भावाचा पोरगा लग्नाचा आहे. जाऊ केव्हाची म्हणत होती, पोरगी शहाणी झाली की आपल्या घरातच देऊ, बाहेर कायले पाहायचं. "म्हनून मी लपवलं. दहावी त होऊ द्या म्हटलं. आता तिनं भावाले फोन केला." मी विचारलं, एवढे महिने लपलं कसं? तिने पदर तोंडाशी धरला. "माह्यावर घेतलं ना. तिचं मी माह्यावर घेत होते. महिन्यातून दोन खेपा बाहेर बसत होते."

माय, मी तिच्याकडे पाहत राहिले. ताई बोलत होत्या, कायदा, हेल्पलाइन, आत्ता फोन लावते, असं काही. मला ऐकूच येत नव्हतं. मला पडवीतलं पोतं दिसत होतं आणि खाली मान घालून तूर निवडणारी तू. कळायला किती वेळ लागतो माणसाला. आणि खरं म्हणजे कळत नव्हतं असंही नसेल, मला ते कळून घ्यायचंच नव्हतं.

त्या बाईने ताईंचे पाय धरले, फोन नका करू म्हणून. अजून सुपारी फुटली नाही, तारीख नाही, तक्रार कशाची करणार? गावात आधी चौकशीला येणार तो पोलीस पाटील, आणि तो म्हणजे तिचा थोरला दीर. "मले माहेरी हाकलतील आन् पोरीले ठेवून घेतील. मंग तिले कोन वाचवन?" तिला एवढंच हवं होतं, की मी गावात यावं आणि नाव चुकून घेतलं म्हणून सांगावं. ताई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आपण खोटं सांगायचं? आपण?" त्यांनी मला जा म्हटलं नाही आणि जाऊ नको असंही म्हटलं नाही. आपा आतून म्हणाली, "जीभ तुमचीच चालली होती, आता पायबी तुमीच चालवा."

मी गेले. मोठी आई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. पोरीला चहा ठेवायला लावला. मी माझं म्हणणं पाठ करून गेले होते. दोन मुलींच्या नावात घोटाळा झाला, रजिस्टर माझं, चूक माझी, तुमच्या पोरीला अजून काही नाही, पुडकं दुसरीचं आहे ते न्यायला आले. ती तांदळातले खडे बाजूला टाकत राहिली. मग म्हणाली, "नावात घोटाळा. तुमी त दोनदा नाव घेतलं, मॅडम." मी म्हटलं, "दोनदा चुकले." तिने आत हाक मारली आणि पोरीला पुडकं आणायला सांगितलं. पोरीने आणलं ते माझ्या हातात दिलं. चार पॅड असतात त्यात. हाताला तीनच लागले, चौथं तिच्या अंगावर असणार. मोठ्या आईने हात पुढे केला, "पाहू बरं काय देता त्यात." मी म्हटलं, "काही नाही हो, कापड आहे," आणि पिशवीत टाकून चेन ओढली. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग पोरीला म्हणाली, "दिवेलागण झाली. जाय, देवापाशी दिवा लाव."

पोरगी गेली. काडी ओढल्याचा आवाज आला. तिची आई पडवीत बाहेर बसली होती, तिने वर पाहिलं नाही. पोरीने दिवा लावला, हात जोडले, परत येऊन माझी कपबशी उचलली. तिचा हात जरासुद्धा कापला नाही. मोठी आई म्हणाली, "बरं. मंग पाहू पुढच्या वर्षी." बस्स, एवढंच मिळालं, एक वर्ष. गरज असताना तिच्या हातातलं पुडकं काढून घेऊन मी बाहेर पडले.

आता त्या घरी महिन्यातून दोनदा कोण बाहेर बसते ते मला माहीत आहे, आणि मला ते थांबवता येत नाही. थांबवलं तर पोरगी जाईल. नाही थांबवलं तर एखाद दिवशी त्या बाईला खरंच काही व्हायचं आणि घरचे म्हणायचे, तिचं तसंच हाये. मी तिला ऑफिसात बोलावून ताईंकडून तपासून घेते, गोळ्या देते, पुडकी आपाच्या हातून गपचूप पाठवते. लपवाछपवीत मी आता चांगली तरबेज झाले आहे. सत्रात मात्र लपवू नका म्हणते.

आणि एक तुला सांगायचंच आहे, त्यासाठीच हे सगळं लिहिलं. हे कुणाला दाखवण्यासारखं नाही, ताईंना तर नाहीच. नऊ वर्षं प्रत्येक शाळेत मी सत्राच्या सुरुवातीला तुझी गोष्ट सांगते. की माझी आई माझी पाळी लपवायची, स्वतःचं दुखणं लपवायची, कारण तिला लाज वाटायची. आणि शेवटी ती लाजेपायीच गेली. मुली रडतात. ताई म्हणतात, त्या गोष्टीनेच सत्र उभं राहतं. काल पुन्हा त्याच शाळेत होते. मी ती गोष्ट गाळायची ठरवून गेले होते. तर मुख्याध्यापक मॅडम स्वतःच माईकवर म्हणाल्या, "ती तुमच्या आईची गोष्ट सांगा ना, नवीन मुलींनी ऐकली नाही." पोरगी दुसऱ्या रांगेत बसली होती. शेडच्या दाराशी मोठी आई पळी घेऊन उभी होती, कान देऊन. खरी गोष्ट सांगितली असती, की कधी कधी आया लाजेने लपवत नाहीत, लेकीसाठी लपवतात, तर तिला तिथल्या तिथे सगळं उमगलं असतं.

मी सांगितली, माय. माझी आई लाजेपायी मेली, असं त्या भरल्या शाळेत सांगितलं. मोठ्या आईने तिथूनच मान हलवली, खरं आहे म्हणून. आणि खरं सांगू का, सांगताना माझा आवाज कुठेच अडला नाही.