दुसऱ्या ओळीवरची रेघ

ती. सौ. ताईस शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग घालायला इथे जागा नाही, दोन खाटांमध्ये दीड वीत अंतर आहे. तरी घातला असं समज.) तुझी तब्येत, बाळाचे दात आणि भावोजींची पाठ ठीक असेल असं धरून चालतो. बाबांचं कसं आहे ते कळव. दुकानात माझं नाव निघतं का तेही कळव; निघत नसेल तर तसं कळव, मला अंदाज आहे. न विचारता भरती झालो त्याला काल चौदा महिने झाले आणि त्यांची एक ओळ आलेली नाही. मी फार मनाला लावून घेत नाही. (दिवस मोजायची सवय आहे म्हणून मोजले.)

लढाईचं विचारशील तर ती इथून बरीच पुढे चालली आहे. आमच्यापर्यंत तिचा आवाज येतो आणि बूट येतात. मी बुटांच्या कोठारात आहे. आलेले बूट पुसायचे, जोड्या लावायच्या, नाड्या ओवायच्या आणि पुन्हा पुढे पाठवायचे. तेव्हा शेजारच्या काकूंना मी बंदूक चालवतो असं सांगितलं असशील तर राहू दे, पण नवीन काही सांगू नकोस. ज्यांना जोडीदार सापडत नाही अशा बुटांचा कोपऱ्यात वेगळा ढीग आहे. त्या बाजूला मी पाठ करून बसतो.

आता झालं काय ते सांगतो. पत्र महिन्यातून एकच लिहिता येतं, पण खुशालीसाठी आम्हाला छापील कार्ड मिळतं. त्यावर चार वाक्यं असतात. मी खुशाल आहे. मी जखमी होऊन इस्पितळात आहे. तुमचं पत्र मिळालं. तुमचं पत्र बऱ्याच दिवसांत नाही. जे लागू नसेल त्यावर रेघ मारायची आणि खाली सही करायची. वर एक अक्षर जास्त लिहिलं तर कार्ड फाडून टाकतात. (मला हा नियम आवडतो. सातवीत शाळा सुटल्यापासून जास्तीच्या अक्षराची मला भीतीच वाटते, एकेक शब्द दोनदा तपासतो.) बाकीचे लोक वेड्यावाकड्या रेघा मारायचे, मी पट्टीने मारायचो. ते आमच्या हवालदारांनी पाहिलं आणि सगळ्या बराकीची कार्डं माझ्याकडे येऊ लागली. माझं नावही रेघोट्या पडलं.

बाबांच्या बाइंडिंगच्या दुकानातली रीत तुला ठाऊक आहे. गठ्ठा ठोकून सरळ करायचा, एक नमुना नीट बघून घ्यायचा, मग हात चालू. मी पट्टीवर खूण करून ठेवली होती: ती कार्डाच्या कडेला लावली की रेघ बरोबर दुसऱ्या ओळीवर, म्हणजे इस्पितळावर. पाच महिने एकही चूक नाही. सहाव्या महिन्यात कार्डं नव्याने छापून आली आणि छापणाऱ्याने, देव त्याचं भलं करो, पहिली दोन वाक्यं उलटसुलट लावली. मी नमुना बघितला नाही. दुसऱ्या ओळीवर रेघा मारल्या, इतक्या सरळ की बाबांनीही नावं ठेवली नसती, आणि तीस जणांच्या घरी तीस माणसं इस्पितळात गेली.

अठरा दिवसांनी टपालाची गाडी आली ती पोत्यासकट. एरवी गाडीतून चार-पाच पत्रं उतरतात. हवालदारांच्या बायकोने वर्षभर अबोला धरला होता, तिची आठ पानं आली. हवालदारांनी ती वाचली, घडी केली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. “मी जिवंत आहे हे सांगायला सरकारने कार्ड दिलं,” ते म्हणाले, “आणि तू मला पट्टी लावून इस्पितळात घातलंस?” शिक्षा म्हणून साहेबांची खास परवानगी काढून तीस घरांना माफीची तीस पत्रं माझ्याकडून लिहून घेतली. बोटाला अजून घट्टा आहे. पण आठ पानं ते रोज जेवणानंतर काढतात, हे मी पाहिलं आहे.

आमच्या आचाऱ्याला वाचता येत नाही, त्याचं पत्र मी वाचून दाखवलं. बायकोने विचारलं होतं की कुठला पाय, आणि कुठला का असेना, दुसऱ्यावर उभा राहून घरी ये. (कार्डात पायाचा उल्लेखच नाही.) आचारी खूप हसला आणि मग बराच वेळ कांदा नसताना डोळे पुसत बसला. एक ड्रायव्हर आहे, घोरतो म्हणून त्याला तोफखाना म्हणतात, तो मला कोठारामागे घेऊन गेला. मला वाटलं मारणार. तो हळूच म्हणाला, “रेघोट्या, पुढच्या महिन्यात माझी तेवढी तीच ओळ मार ना.”

त्या संध्याकाळी बराकीत सगळे वाचत बसले होते. मी नाड्या ओवत होतो. कामही होतंच.

बाळाला पापा. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. वर तीस लिहिलं ते बरोबर आहे, पण गठ्ठ्यात कार्डं एकतीस होती. एकतिसावं माझं, दुकानाच्या पत्त्यावर. आज चौतिसावा दिवस. वाटेत हरवलं असेल. (सगळी एकाच सुतळीत बांधली होती, त्यातलं एकच कसं हरवेल ते मात्र समजत नाही.) मी इस्पितळात नाही असं बाबांना सांग. विचारलं तरच सांग. नाही, न विचारताही सांग.

दुसरा ता. क. त्यांची शिसवी पट्टी दुकानातून गेली ती मीच आणली. नोकराला बोलले असतील तर त्याची माफी मागायला सांग.

तिसरा ता. क. पुढच्या महिन्यात मला दहा दिवसांची रजा आहे. अर्जात ‘कुठे जाणार’ असा एक रकाना आहे, तो मी कोराच ठेवला आहे. सोबत एक कार्ड घातलं आहे, हाताने आखलंय. त्यावर दोनच वाक्यं आहेत: ‘घरी ये’ आणि ‘येऊ नकोस’. बाबांना म्हणावं, काही लिहायचं नाही, सहीसुद्धा नको, नको त्या ओळीवर फक्त रेघ मारायची. पट्टी माझ्याकडे आहे, त्यामुळे रेघ वाकडी येईल. चालेल म्हणावं.