साडूवर मारलेली मूठ

५ जानेवारी, रविवार
साडूकडे जेवण. टेबलाशी बसतोय तोच त्याने खिशातून रिपोर्ट काढला आणि सगळ्यांसमोर वाचला. वाईट कोलेस्टेरॉल अठ्ठ्याण्णव. मग चष्मा कपाळावर चढवून माझं विचारलं. (चष्मा माझ्याच दुकानातला. सवलतीत दिलेला.) म्हटलं, आठवत नाही. बायको म्हणाली, एकशे एकाहत्तर. हिला नको ते सगळं आठवतं.

डॉक्टर एकच, गोळी एकच, सुरुवातही एकाच आठवड्यात. मग हा फरक कसला? मोठ्या मेहुणीने बायकोला हळूच विचारलं की तुझ्या हातून तेल जास्त पडतं का गं. हळूच म्हणजे शेजारच्यांना ऐकू जाईल इतकं. बायकोने घरी आल्या आल्या तेलाची बरणी वरच्या फळीवर ठेवली.

हा अपमान माझा नाही, तिचा आहे. त्यामुळे सूड घेणं भाग आहे. आजपासून साडूचं नाव अठ्ठ्याण्णव.

७ जानेवारी
डॉक्टरांकडे. माझा रिपोर्ट हात लांब करून वाचत होते. म्हटलं, नंबर वाढलाय तुमचा. म्हणाले, तुमचाही. लक्षात ठेवलंय.

गोळी रोज घेता का, असं विचारलं. घेतो म्हटलं. रविवारी लिव्हरला सुट्टी देतो, बाहेर जेवलो तर घेत नाही, सर्दी असली तर घेत नाही. पण हे झाले तपशील. मग म्हणाले, गोळीसोबत रोज मूठभर बदाम-अक्रोड खा. तळलेले नकोत, खारवलेले नकोत. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू.

डोक्यात एकदम उजेड पडला. अठ्ठ्याण्णव चोरून बदाम खातो!

८ जानेवारी
मूठ कोणाची, ते डॉक्टरांनी सांगितलंच नाही. बायकोने स्वतःच्या मुठीने वाटीत काढून दिले. तिची मूठ म्हणजे चिमटीची थोरली बहीण. मी माझी वापरली. माझ्या मुठीत ती बंद होणार नाही इतके बदाम मावतात, यात माझा काय दोष?

१६ जानेवारी
नुसतं आपलं उतरून भागणार नाही. त्याचं चढलं पाहिजे.

सुकामेव्याच्या दुकानात गेलो. तुमच्याकडे सगळ्यात अपायकारक काय आहे, विचारलं. दुकानदाराला प्रश्नच कळेना. बिचाऱ्याला आजवर कोणी विचारला नसावा. शेवटी काजू दाखवले. लोण्यात तळलेले, मधात घोळवलेले, वरून मीठ. मोठी बरणी घेतली. लेबलवर बारीक अक्षरांत बरंच काही होतं. वाचत बसलो नाही, रिबन बांधायची होती. एक चाखून बघायचा मोह झाला, तो आवरला. शत्रूच्या वाटचं खायचं नाही.

मूठ मारणं म्हणतात ते हेच. मंत्र लागत नाही. काजू पुरतात.

१९ जानेवारी, रविवार
मूठ मारली. अठ्ठ्याण्णव भारावून गेला. म्हणाला, अहो, एवढं कशाला? म्हटलं, तब्येतीला जपा. आणि मनापासून हसलो.

येताना बायको म्हणाली, तुमचं मन मोठं आहे. मी नाही म्हटलं नाही.

२७ जानेवारी
खोल विचार केला. बदामाने कोलेस्टेरॉल उतरतं. गोळीनेही उतरतं. दोघांनी मिळून फारच उतरवलं तर? शून्याखाली गेलं तर? गोळी बंद.

बायको स्ट्रिप तपासते. म्हणून रोज एक गोळी स्ट्रिपमधून काढून खिशात, खिशातून दुकानात, तिथे तपकिरी चष्मा-केसमध्ये. ती आमच्याकडची सगळ्यात महाग केस, म्हणजे कोणी हात लावायचा प्रश्नच नाही. आमची गिऱ्हाइकं फुकटची काळी पिशवी मागतात.

२ फेब्रुवारी
मोठी बातमी! बायको बहिणीकडून स्टीलचा डबा घेऊन आली. आत काजू. म्हणाली, ताईने तुमच्यासाठी दिलेत. एक तोंडात टाकला. आहाहा! मधाची झाक, किंचित मीठ, लोण्यासारखा विरघळणारा. निसर्ग काय एकेक चीज घडवतो!

हेच ते अठ्ठ्याण्णवचं गुपित! भोळ्या मेहुणीने शत्रूचा दारूगोळा आपणहून माझ्या हाती दिला. डॉक्टर बदाम म्हणाले होते, पण काजूही त्यातलाच. कवचातून निघालं की सगळी एकच जात.

२० फेब्रुवारी
रविवारी दुसरी बरणी पोचवली. चारच दिवसांत दुसरा डबा हजर. त्यांच्या घरात काजूंचा कारखाना आहे की काय? आता रोज दोन मुठी. एक तब्येतीची, एक सुडाची.

९ मार्च, रविवार
तिसरी बरणी नेऊन दिली. तिसरा डबा येताना बायकोच्या पिशवीतच होता.

अठ्ठ्याण्णव बारीक दिसतो. माझ्या काजूंनी आतून पोखरला असणार. मी जरा भरलोय. ती ताकद. पँटचं बटण तुटलं, शिंप्याने दोरा कच्चा वापरलाय.

बायको म्हणाली, जिना चढताना तुम्हाला धाप लागते. म्हटलं, जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत. त्यावर तिचे डोळे भरून आले. म्हणाली, माझे बाबा असेच पायरीवर बसले होते, दम खातो म्हणाले आणि उठलेच नाहीत. म्हटलं, एकदा तुझ्या ताईचं तोंड बंद होऊ दे, मग सगळं ठीक होईल. म्हणाली, ताईचं काय मध्येच?

जिच्यासाठी लढतोय तिलाच पत्ता नाही.

१ एप्रिल
रक्त दिलं. रिपोर्ट बंद पाकिटात मागितला आहे. रविवारी साडूच्या टेबलावरच फोडणार. आधी त्याला वाचू द्यायचा. मग मी सावकाश उठणार, घसा खाकरणार. मेहुणीकडे बघून वाचायचं की अठ्ठ्याण्णवकडे, हे ठरायचंय.

४ एप्रिल
डॉक्टर दुकानात आले. माझं जानेवारीतलं बोलणं लागलं असणार, गेल्या आठवड्यात मुकाट्याने डोळे तपासून गेले होते. आज नवा चष्मा न्यायला.

रविवारपर्यंत दम निघेना. डाव सुचला. चष्मा लावल्यावर वाचायला तक्ता देण्याऐवजी माझं पाकीट द्यायचं. त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं. आमचा काचा घासणारा कारागीर आतून चष्मा घेऊन आला. त्याला ऐटीत सांगितलं, साहेबांना सगळ्यात भारी केस दे.

त्याने दिली. तपकिरी.

डॉक्टरांनी उघडली. काउंटरभर गोळ्या. काही घरंगळत आरशामागे गेल्या. त्यांनी नवा चष्मा लावला, एक गोळी उचलून निरखली, खाली ठेवली. मग मी समोर ठेवलेलं पाकीट फोडलं. दोनशे सहा.

काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, नंबर बरोबर आहे ना? म्हणाले, चष्म्याचा अगदी बरोबर आहे. मग केस माझ्याकडे सरकवत म्हणाले, मी सोबत म्हटलं होतं. ऐवजी नाही.

कारागीर ओणवा होऊन गोळ्या गोळा करत होता. त्याने एकदाही वर पाहिलं नाही. मला ते फार लागलं.

६ एप्रिल, रविवार
सकाळी बायकोला सगळं सांगितलं. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. ती फक्त खुर्चीवर बसली आणि बसूनच राहिली.

जायचं नव्हतं, पण गेलो. अठ्ठ्याण्णवने सवयीने खिशात हात घातला. माझ्या बायकोकडे पाहिलं आणि रिकामाच बाहेर काढला. म्हणाला, कागद काय वाचायचे, जेवू या. तीन महिने ज्या घडीची वाट पाहिली, त्याच घडीला या माणसाने मला वाचवलं. याबद्दल मी त्याला कधीही माफ करणार नाही.

जेवण झाल्यावर मेहुणी तीन बरण्या घेऊन आली. धुतलेल्या, रिबनसकट. म्हणाली, तुम्ही इतक्या प्रेमाने आणता, पण आमच्याकडे तळलेलं कोणी खात नाही हो. तोंडावर कसं सांगणार? तुम्हाला आवडत असतील म्हणूनच आणत असाल, असं वाटलं. म्हणून डब्यात भरून तुमच्याकडेच पाठवत होते.

लेबल शाबूत होतं. वाचलं. मला बारीक अक्षर चष्म्याशिवाय दिसतं.

मारलेली मूठ उलटते म्हणतात. डब्यातून येते, हे कोणी सांगितलं नव्हतं.

७ एप्रिल
गोळी घेतली. बायकोने तोंड उघडायला लावलं, जीभ वर करायला लावली, मगच समोरून हलली. अठ्ठ्याण्णवचं आता एक्क्याण्णव झालंय, हे तिच्याकडूनच कळलं. नाव बदलायचा कंटाळा आला.

मग तिने बदाम दिले. एक मूठ, तिच्या मुठीने. मी हात पुढे केला होता, पण तिची मूठ लवकर उघडेना. उघडली तेव्हा बदाम कोमट झाले होते.

थोडे आहेत असं म्हणणार होतो. म्हटलं नाही. खाल्ले.