खिळ्यावरचा नान

आलमाटी

प्रिय मुहब्बत,
तुला आठवणींसह सलाम. मी बरा आहे, खोकला काय थंडीचाच.

तू आखून दिलंस तसंच केलं, आधी गिऱ्हाईक, मग दुकान. भाड्याच्या तंदुरात नान भाजून दारोदार फिरलो. माझ्यासोबत इथे आलेला तुर्गुन हसायचा, "नान विकतोयस की मुली बघत फिरतोयस?" त्याने आधी दुकान सजवलं, अन् हिवाळ्यातच कुलूप लागलं. आता माझ्याकडे पीठ मळतो.

वसंतात नवरोजच्या सणाला घरी यायचं ठरलं होतं. पण जम आत्ता कुठे बसतोय. आता हात काढला तर मी अन् तुर्गुन सारखेच. खरबुजं पिकली की येतो.

आईचे गुडघे कसे आहेत? धाकटी मला ओळखेल ना गं?

निघताना मी एक घास तोडला, अन् उरलेला परतल्यावर मीच खायचा म्हणून तू टांगलास, तो नान अजून खिळ्याला आहे ना? दगड झाला असेल. असू दे, चहात बुडवून मीच संपवीन. तुझ्या बेतातलं तेवढंच काम राहिलंय.

तुझाच,
इल्होम