कुंडीतली पिवळी टोपणं

ब्रह्माघाट, मंगळवार संध्याकाळ

सासऱ्यांच्या, अप्पांच्या, छातीतली जळजळ थांबत का नाही? महिनाभर रोज सकाळी कॅप्सूल मी स्वतः त्यांच्या हातावर ठेवते. औषधच नकली असणार, म्हणून आज दुकानदाराशी भांडूनही आले. "भाभीजी, दवा एकदम असली है," म्हणे. बेरकी माणूस, असंच वाटलं.

मग सदाफुलीला पाणी घालताना मातीत पिवळं टोपण दिसलं. कॅप्सूलचं, रिकामं. उकरलं तर कितीतरी निघाली.

अप्पांना जाब विचारला. "ते कवच हाडांचं असतं. मी पूजेला बसणारा माणूस, गिळू कसं? आतलं औषध खलात घोटून मधातून घेतो. कणही वाया जात नाही."

डॉक्टरांना फोन केला. आतले दाणे घोटले की पोटातल्या आम्लात औषध वाया जातं. शाकाहारी कवचाचंही मिळतं, आधी विचारायचं होतंत, म्हणाले.

पण हाडांचं हे अप्पांच्या डोक्यात भरवलं कोणी? शेजारच्या गुरुजींनीच, दुसरं कोण! तरी अप्पांना विचारलं.

"तूच नाही का मोबाइलवर वाचून दाखवलंस?"

हो. वाचलं होतं. हसत हसत.

एक पिवळं टोपण अजून माझ्या मुठीत आहे.