शिवणीच्या फळीवरची गाठ

अण्णा,

चाळीस वर्षे वकिली करून मी आता घरी बसलो आहे. माझा सर्वांत पक्का युक्तिवाद मात्र मी सनद मिळण्यापूर्वी केला होता, सन तीसच्या सुमारास, आपल्या रत्नागिरीच्या घराच्या पडवीत, तुमच्यापुढे. त्याची फेरतपासणी कुणीच केली नाही. आज ती करतो आहे.

तुमच्या कचेरीतल्या आयरिश इंजिनियराने मायदेशी जाताना तुम्हाला काही नक्ष्या दिल्या होत्या. त्याच्या मुलखातल्या जुन्या दगडी क्रुसांवरच्या केल्टिक गाठी होत्या त्या: एकच पट्टा, आळीपाळीने स्वतःच्या वरून आणि खालून जाणारा, कुठेही टोक न दिसणारा. आठवडाभर पुलांचे नकाशे काढणारे तुम्ही रविवारी सकाळी पडवीत बसून त्या शिवणीच्या लाकडात कोरत असा. रांगोळीसारखे ठिपके मांडून आधी पट्टा आखायचा, वरून कुठे आणि खालून कुठे ते तांबड्या पेन्सिलीने ठरवायचे, मगच पटाशी. आत्या म्हणे, "एवढ्या वेळात एखादा पाट तरी झाला असता." तुम्ही म्हणालात, "पाटावर बसलेला उठतो, अक्का. हिच्यात शिरला त्याला उठायला वाट नाही." एकदा मी लागोपाठ दोन ठिकाणी पट्टा वरून नेला. तुम्ही माझ्या हातातली पटाशी काढून घेतलीत. "एक जागा चुकली की पुढच्या सगळ्या खोट्या." ताई माझी बाजू घेऊन म्हणाली, "एवढंसं तर आहे, अण्णा." त्यानंतर तुम्ही मला पुन्हा कोरायला बसवले नाही.

ताई पहिल्या बाळंतपणाला गुहागरहून माहेरी आली आणि तिच्या पाळण्याच्या डोक्याशी बसवायला तुम्ही हातभर लांबीची फळी घेतलीत. आत्या संतापली. "जन्माआधी पाळणा कुणी करतं काय?" "पाळणा कुठे आहे? फळी आहे," तुम्ही म्हणालात. मी सुट्टीत पुण्याहून आलो तेव्हा ती पूर्ण होत आली होती. इतकी सुबक गाठ तुमच्या हातून पूर्वी उतरली नव्हती.

वेणांचा दुसरा दिवस आहे. सकाळची दहाची वेळ असेल. आतल्या खोलीतून ताईचा आवाज येईनासा झाला आहे, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट आहे. सुईण बाहेर येऊन म्हणते, "घरात कुठं तरी गाठ रायलीय. समद्या सोडा." अडलेल्या बाईसाठी घरातली प्रत्येक गाठ सोडायची, ही आपल्याकडची रीत. आई अंबाडा सोडते. आत्या गाईचे दावे, पोहऱ्याचा दोर, भाताच्या पोत्यांची तोंडे सोडत पडवीत येते आणि फळीसमोर थांबते.

"आणि ही रे?"

"ही सुटायची नाही, अक्का."

"मग फोड."

तुम्ही कुऱ्हाड घेता आणि मला म्हणता, "मी हे उरकतो. तू सायकल काढ, सिव्हिल सर्जनांना घेऊन ये."

मी जात नाही. मी म्हणतो, जे बांधले जाते ते गाठ. ही फळी कधी बांधलेलीच नाही. हा गाठीचा आकार आहे. जे बांधलेले नाही ते सुटत नाही, आणि म्हणून कुणाला अडवतही नाही. "मेल्या, बहीण आत अडल्ये नि तू शब्द काय सोलतोस?" आत्या कडाडते. मी तिलाही उत्तर देतो: चित्रातल्या दोराने विहिरीचे पाणी निघत नाही. तुम्ही विचारता, "पण फोडण्यात नुकसान काय?" त्याचेही उत्तर माझ्याजवळ तयार असते: एकदा हे मान्य केले की थांबायचे कुठे? उद्या दाराची चौकट काढायची? तुम्ही कुऱ्हाड खाली ठेवता. मग मी सायकल काढतो, तेव्हा साडेदहा वाजून गेलेले असतात.

डॉक्टरांना घेऊन परतलो तेव्हा आई उंबऱ्यात बसली होती. ताई गेली होती, मूलही. हात धुताना डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास आधी..." आणि तुमच्याकडे पाहून थांबले.

चौदाव्या दिवशी आत्या माझ्यादेखत म्हणाली, "तेव्हाच फोडली असतीस तर पोर वाचली असती." तुम्ही पानावरून मान वर न करता म्हणालात, "त्याचं म्हणणं बरोबर होतं, अक्का." त्या अर्ध्या तासाविषयी तुम्ही कधीच बोलला नाहीत. पटाश्यांना तेल लावून तुम्ही त्या पेटीत ठेवल्यात, त्या पुन्हा काढल्या नाहीत. फळीवर तीन जागा कोरायच्या राहिल्या आहेत. ती माझ्याकडे आहे.

युक्तिवादात दोष नव्हता. आजही मला तो सापडत नाही. दोष होता तो करणाऱ्यात. अंधश्रद्धेशी माझे त्या सकाळी काही भांडण नव्हते. ती फळी मला हवी होती. ताईसाठी तुम्ही जितके रविवार बसलात तितके माझ्यासाठी कधी बसला नव्हतात, आणि तुमच्या हाती कुऱ्हाड दिसताच माझ्या मनात पहिला विचार आला तो फळीचा. बाकीचे सारे मी नंतर रचले.

हे तोंडी सांगायला तुमच्या हयातीतली अकरा वर्षे होती. तेव्हा तुम्ही उलट प्रश्न विचाराल ही भीती होती. आता ती नाही, म्हणून लिहिले.